भोर कुठे लावायचं?

कपाटात सात बाइंडर उभे आहेत आणि आठव्याच्या कण्यावर काय लिहायचं, इथे माझं घोडं अडलंय. समोर भोर संस्थानची दोन तिकिटं आहेत, १८७९ ची. एक अर्ध्या आण्याचं, लंबगोल. दुसरं एक आण्याचं, आयताकृती. दोन्ही लाल शाईत, हाताने शिक्का मारून केलेली. कागद देशी, मागे गोंद नाही, कडेला दाते नाहीत. चिमट्यात धरलं की वाटतं, कुणी कारकुनाने दप्तरातला तुकडा कापून दिलाय. ‘भारत’ लिहिलेल्या बाइंडरमध्ये ती ठेवावीत, तर १८७९ साली भोरचं टपाल तिथल्या राजाचं, पंतसचिवांचं होतं. ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ म्हणणं तर साफच चूक. घरातून सल्ला आला, ‘नुसतं भोर लिही की!’ पण दोन तिकिटांसाठी अख्खा बाइंडर?

तिकिटं गोळा करणं हा या छंदातला सोपा भाग. ती कशात ठेवायची आणि वर नाव काय घालायचं, ही डोकेदुखी मात्र जवळपास छंदाइतकीच जुनी आहे.

इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी ब्लॅक हे तिकीट निघालं. पुढची वीसेक वर्षं लोक हाताला लागेल त्या वहीत तिकिटं डिंकाने चिकटवत होते. १८६१ च्या अखेरीस पॅरिसमध्ये आल्फ्रेड पोटिकेची तिकिटांची यादी छापून आली आणि पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, जुस्तँ लालिए याने छापील अल्बम काढला. पानावर देशाचं नाव आणि खाली प्रत्येक तिकिटासाठी आखलेला चौकोन. लालिएने परस्पर ठरवून टाकलं की जगात देश इतके आणि तिकिटं इतकी. तुम्ही फक्त घरं भरत जायचं. मुलांना हे फार आवडलं असणार. रिकामा चौकोन दिसला की तो भरल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, यावर तर अख्खा धंदा उभा राहिला.

अडचण अशी की देश नवी तिकिटं काढायचे थांबेनात. आणि लालिएचे चौकोन आखडते होते. त्या काळच्या बहुतेक तिकिटांना दातेरी कडा नव्हत्या, चहूबाजूंनी पांढरा समास असे. मग लोकांनी कात्री घेतली आणि तिकीट चौकोनात बसेल एवढं छाटलं.

या कात्रीचा फटका आपल्याकडच्या तिकिटांनाही बसला. १८५४ साली कोलकात्यात शिळाछापावर छापलेलं चार आण्यांचं तिकीट घ्या. लाल चौकट, आत राणीचा निळा चेहरा. चौकट अष्टकोनी. रंग दोन, म्हणून छपाईही दोनदा. त्या गडबडीत काही ठिकाणी राणी उलटी छापली गेली आणि ती चूक आज जगप्रसिद्ध आहे. पण मला त्याहून जास्त हळहळ वाटते ती कोपऱ्यांची. अष्टकोनाच्या बाहेरचा कोरा कागद अनेकांनी निरुपयोगी समजून कापून टाकला. काहींनी पाकिटावर लावतानाच, काहींनी वहीत नीट दिसावं म्हणून. स्टॅनली गिबन्सच्या कॅटलॉगमध्ये या तिकिटाच्या किमती दोन असतात. चौकोनी राहिलेल्याची मोठी आणि अष्टकोनात कापलेल्याची त्यापुढे अगदीच किरकोळ. चार कोरे कोपरे, त्यावर शाईचा थेंब नाही, आणि पैसे त्यांचेच!

छापील चौकटीला कंटाळलेल्यांनी कोरी पानं मागितली. कोरं पान म्हणजे ते काढता-घालता यायला हवं, आणि इथून गोष्ट अल्बमाकडून बाइंडरकडे वळते. पहिला तोडगा स्प्रिंगचा. दोन्ही पुठ्ठे मागे वाकवले की कण्यातला पोलादी जबडा उघडतो, पानं सरकवायची, पुठ्ठे सोडले की जबडा बंद. पान भोक न पाडता राहतं, पण सपाट उघडत नाही. दुसरा तोडगा खुंट्यांचा. त्यात पानं मिटत नाहीत, मात्र मधलं एक पान काढायचं तर वरची सगळी उतरवावी लागतात. तिसरा रिंगचा. हा तिकिटवाल्यांचा नव्हेच, तो कचेरीतून आला. बॉनच्या फ्रिडरिश झोनेकेनने १८८६ साली कागदाला भोकं पाडायचं यंत्र आणि ते कागद अडकवायची फाइल यांचं पेटंट घेतलं. दहा वर्षांनी स्टुटगार्टच्या लुइस लाइट्झने फाइलला तरफ बसवली. कपाटातून ओढून काढण्यासाठी कण्यावर बोट घालायचं भोक आणि त्याच्या वर नावाची चिठ्ठी, हे रूप तिथून पुढचं. म्हणजे आज मी ज्या लेबलापाशी अडलोय, ते मुळात जर्मन हेडक्लार्कच्या सोयीचं आहे.

जर्मन कंपन्यांनी पुढे रिंगांचा बाजार मांडला. लिंडनरच्या पानाला अठरा भोकं, दुसऱ्या कंपनीच्या पानाला तेरा. एकाचं पान दुसऱ्यात बसत नाही, आणि बसू नये हाच हेतू. पहिला बाइंडर घेतलात की पुढचे वीस त्याच घराण्याचे. सोयरीक जुळवण्यापूर्वी भोकं मोजावीत.

आपल्याकडे एवढी चैन नव्हती. शाळेची दोनशेपानी वही, वर ब्राऊन पेपर, त्यावर नाव-इयत्ता-तुकडीचं लेबल. विषयाच्या जागी ‘तिकिटे’. पुढे स्टॉकबुक आलं. काळी पानं आणि त्यावर बटर पेपरच्या आडव्या पट्ट्या. हे खरं व्यापाऱ्यांचं साधन, विकायचा माल ठेवण्याचं. नावातच ते आहे. गंमत म्हणजे तिकिटाला त्यातच सर्वांत कमी त्रास होतो. हिंज, म्हणजे तिकीट पानावर धरून ठेवणारी गोंदाची चिठ्ठी, चिकटवायला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत मागचा गोंद अस्पर्श हवा असं वेड पसरलं आणि हिंज लागलेल्या तिकिटाची किंमत घसरली. बटर पेपरच्या पट्टीला तो दोष नाही.

मी मात्र शहाणपणा केला. स्टेशनरीच्या दुकानातून चार रिंगांची जाडजूड फाइल आणि प्लॅस्टिकचे कप्पे घेतले. दोन पावसाळे गेले. कप्प्यांना तेलकट, रेनकोटसारखा वास येऊ लागला आणि पंचवीसेक तिकिटं प्लॅस्टिकला अशी चिकटली की रंग त्यांच्यापेक्षा कप्प्यावरच जास्त उतरला. ते प्लॅस्टिक पीव्हीसी होतं. त्याला मऊ ठेवायला घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि छपाईची शाई विरघळवतात. पॉलिएस्टरचे कप्पे असं करत नाहीत. महाग असतात, पण वास घेऊन पाहा, येत नाही. आणि बाइंडर उभे ठेवा. एकावर एक रचले की मुंबई-कोकणच्या दमट हवेत गोंद सुटतो आणि वजनाने तिकीट पानाला धरतं.

आता लेबल. इंग्लंडच्या राजघराण्याने यावर सोपा उपाय काढला, रंगाचा. पाचव्या जॉर्जचा संग्रह ३२८ लाल अल्बमांत आहे. सहाव्या जॉर्जच्या काळातला निळ्या, एलिझाबेथ राणीचा हिरव्या. राजा बदलला की रंग बदलायचा. आपल्या घरी कुणी गादीवर बसत नसल्यामुळे कण्यावर लिहावंच लागतं.

पुष्कळ जण बाइंडर भरला की तिथे काट मारतात. ‘भारत १’, ‘भारत २’. मला हे पटत नाही. जाडी पाहून लेबल लावणं म्हणजे वजनावर पुस्तकं विकणं. तिकिटं स्वतःच सांगतात कुठे तुटायचं. स्वतंत्र भारताच्या बाइंडरवर सगळे १५ ऑगस्ट १९४७ लिहितात, पण त्या दिवशी नवं तिकीट निघालंच नव्हतं. तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेलं साडेतीन आण्यांचं तिकीट आलं २१ नोव्हेंबरला. तोवर स्वतंत्र देशाची पत्रं सहाव्या जॉर्जचं तोंड घेऊन फिरत होती. म्हणून माझ्या लेबलावर नोव्हेंबर आहे. पुढचा सांधा १ एप्रिल १९५७. आणे गेले, नये पैसे आले. पहिला बाइंडर त्यामुळे अर्धा रिकामा राहिला. राहू दे.

गोव्यासाठी वेगळा. कण्यावर ‘गोवा’ लिहायचा मोह होतो, पण १८७१ पासून तिथे निघालेल्या तिकिटांवर पोर्तुगीज इंडिया आहे, आणि त्यात दमण-दीवही येतात. तिकिटावर जे नाव, तेच कण्यावर. या नियमाने तो बाइंडर १९६१ ला थांबतो.

याच नियमाने भोरचाही निकाल लागायला हवा होता. पण कॅटलॉग उघडला तर त्यात संस्थानांचे दोन वर्ग. पतियाळा, ग्वाल्हेर वगैरे सहा संस्थानं ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर स्वतःचं नाव छापून वापरत. बाकीची आपापली तिकिटं काढत. त्यामुळे शिंद्यांचं ग्वाल्हेर एका प्रकरणात आणि होळकरांचं इंदूर दुसऱ्यात. पानिपतानंतर या दोघांना इतकं दूर कुणी बसवलं नसेल! टपालखात्याच्या दृष्टीने ही वाटणी बरोबर आहे. पण बाइंडर माझा, पान कोरं, आणि कोऱ्या पानाची सवलत लालिएविरुद्ध भांडूनच मिळालेली आहे.

तेव्हा इथे मी माझाच नियम मोडला. आठव्या बाइंडरवर लिहिलं, ‘मराठेशाहीची संस्थानं’. आत भोर १८७९, ग्वाल्हेर १८८५, इंदूर १८८६, धार १८९७, आणि शेवटी पुन्हा भोर, १९०१, पंतसचिवांच्या छबीचं. कुणी पाहायला आलं की हमखास विचारतं, बडोदा आणि कोल्हापूर कुठे आहेत? एवढी मोठी संस्थानं! त्यांचे कोर्ट फी स्टॅम्प हवे तितके मिळतील. टपालाची तिकिटं त्यांनी काढलीच नाहीत.