मुलांमधला ओसीडी (मंत्रचळ): आई-वडिलांना दोष देण्यापासून त्यांची मदत घेण्यापर्यंत

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना थाटून मला फार दिवस झाले नव्हते. एक आई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या हातांची कातडी लाल झाली होती, बोटांच्या सांध्यांवर भेगा होत्या. मी मलम लिहून दिलं, साबण बदलायला सांगितलं. निघताना आई म्हणाली, "डॉक्टर, हा दिवसातून कितीतरी वेळा हात धुतो. आणि दर वेळी मला विचारतो, आता स्वच्छ झाले ना? मी हो म्हणेपर्यंत सोडत नाही." मी हसून म्हणालो, "चांगली सवय आहे की! मोठा झाला की आपोआप कमी होईल."

ती परत आली नाही. तिने मलमासाठी नाही, त्या प्रश्नासाठी दवाखाना गाठला होता, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. त्या मुलाला बहुधा ओसीडी, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर होता. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो, त्यातून प्रचंड भीती वाटते आणि ती शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. हात धुणं, कडी तपासणं, मोजणं, वस्तू सरळ रेषेत लावणं, तोच प्रश्न विचारत राहणं, अशी तिची अनेक रूपं आहेत.

अशा मुलांच्या आई-वडिलांना वैद्यकशास्त्राने आजवर काय सांगितलं, हा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. कारण त्यातल्या जुन्या चुका आजही घराघरांत आणि आमच्या दवाखान्यांतही होतात.

धर्मगुरूंकडून डॉक्टरांकडे

युरोपात कित्येक शतकं हा त्रास पापाच्या भीतीच्या रूपात ओळखला जाई. माणसं तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करत, तरी मन शांत होत नसे. मदत मागायची ती धर्मगुरूंकडे.

१८३८ साली एस्किरोल या फ्रेंच डॉक्टरांनी एका ३४ वर्षांच्या स्त्रीची हकिकत लिहिली. अठराव्या वर्षी नातेवाईक बाईच्या घरून निघताना तिला भीती वाटू लागली, की आपल्या एप्रनच्या खिशातून तिची एखादी वस्तू नकळत तर आली नाही ना? पुढे हिशेबात चूक होईल, नाण्याला हात लावला तर काही मौल्यवान चिकटून येईल, अशी ही भीती वाढत गेली. आपला विचार हास्यास्पद आहे हे तिला पुरतं कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. १८७७ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफाल यांनी हेच नेमकेपणाने मांडलं: रुग्णाची बुद्धी शाबूत असते, विचार मात्र त्याच्या इच्छेविरुद्ध येतात. म्हणूनच 'अरे, कळत कसं नाही तुला?' हा प्रश्न या मुलांच्या बाबतीत फुकट जातो. त्यांना कळत असतं.

१९०३ मध्ये पिएर जाने यांनी अशा रुग्णांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एका पाच वर्षांच्या मुलाचीही नोंद आहे. तरीही पुढची अनेक दशकं हा आजार मुलांमध्ये अगदी दुर्मीळ समजला जात होता.

बोट आई-वडिलांकडे

त्याच सुमारास फ्रॉइड यांचे विचार जोर धरत होते. या आजाराचं मूळ लहानपणीच्या दडपलेल्या भावनांत, विशेषतः शी-शूची शिस्त लागण्याच्या वयात आहे, असं त्यांच्या परंपरेत मानलं गेलं. यातून डॉक्टरांची नजर आई-वडिलांच्या वागण्याकडे वळली. शिस्त फार कडक होती का? आई फार टापटीप होती का? मदत मागायला आलेले पालक अपराधी होऊन परतू लागले.

आज आपल्याला माहीत आहे, की शी-शूच्या शिस्तीमुळे ओसीडी होतो याला पुरावा नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसतो. मेंदूच्या चाचण्यांतून काही ठरावीक जोडण्यांच्या कामात फरक दिसतो. कुणाच्या संगोपनामुळे हा आजार जडत नाही.

नळ बंद केला, आणि...

१९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवरच्या उपचारांचा अहवाल छापला. सतत धुण्याचा त्रास असलेल्या एका शिक्षिकेला त्यांनी रुग्णालयात ठेवलं, ज्या गोष्टींची भीती वाटे त्यांना हात लावायला लावला आणि नंतर धुऊ दिलं नाही. त्यासाठी तिच्या नळाचं पाणीही तोडलं. परिचारिका सोबत बसून राहत. भीती आधी वाढली, पण हळूहळू उतरली. आज ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) नावाने ओळखल्या जाणाऱ्या थेरपीची ही सुरुवात. आता ती जबरदस्तीने नाही, रुग्णाशी ठरवून, सोप्या पायरीपासून अवघड पायरीकडे जात केली जाते. घरी कुणी नळ बंद करून मुलाला रडवू नये, हे मुद्दाम सांगतो.

१९६७ मध्ये क्लोमिप्रामिन या औषधाचा ओसीडीत उपयोग होतो, असं स्पेनमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं. मुलांसाठी मोठं काम केलं ते अमेरिकेत डॉ. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे औषध मुलांमध्येही परिणामकारक आहे, हे त्यांनी १९८५ मध्ये दाखवलं. १९८८ मध्ये पाच हजारांहून अधिक शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की साधारण शंभरात एका मुलाला ओसीडी असतो. सापडलेल्या मुलांपैकी बहुतेक जण कुठल्याच उपचाराखाली नव्हते. मुलं लाजेपोटी लपवत होती.

२००४ मध्ये ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवरचा अभ्यास आला. बारा आठवड्यांनंतर थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांचा आजार जवळजवळ आटोक्यात आला. नुसत्या थेरपीने ३९, नुसत्या औषधाने २१ आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीने फक्त ४ टक्के.

"हो रे बाळा, स्वच्छ झाले"

१९९५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला: घरातली माणसं या आजारापुढे किती नमतं घेतात? उत्तर होतं, खूप. मूल विचारतं म्हणून दहादा 'हो' म्हणणं, त्याच्यासाठी कपडे पुन्हा धुणं, कडी आपणच तपासणं, पाहुण्यांना घरी न बोलावणं. हे सगळं प्रेमापोटीच होतं. मुलाला तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण 'भीती खरीच होती' ही त्याची समजूत पक्की होते. पुढच्या वेळी प्रश्न लवकर येतो.

म्हणून आता थेरपीत आई-वडिलांनाही सामील करून घेतात. आजार त्यांनी दिला म्हणून नव्हे. मुलासोबत दिवसभर तेच असतात म्हणून.

आपल्या घरात

मराठीत या आजाराला जुना शब्द आहे, मंत्रचळ. म्हणजे आपल्या आजी-पणजींनी तो पाहिला होता. पण सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात तो सहज लपायचा. आज अभ्यासातल्या 'परफेक्शन'मागे लपतो. एकच ओळ खोडून पाच वेळा लिहिणारं मूल आपल्याला मेहनती वाटतं. मग पालकांनी काय करावं?

१. रोज तासभर किंवा जास्त वेळ अशा कृतींत जात असेल, शाळा, झोप, जेवण बिघडत असेल, तर वाट पाहू नका.
२. रागावू नका, चिडवू नका, शिक्षा करू नका. 'हा तुझा दोष नाही, हा आजार आहे' असं सांगा.
३. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ईआरपी येणारे मानसशास्त्रज्ञ आहेत का, हे स्पष्ट विचारा.
४. औषध मनाने सुरू करू नका, मनाने बंदही करू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.
५. आश्वासन देणं एका दिवसात तोडू नका. तज्ज्ञांच्या सल्ल्याने, मुलाला आधी सांगून, हळूहळू कमी करा.
६. कुठे जावं सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क फोन करा.

हातांना भेगा पडलेलं मूल आलं, की आता मी मलम लिहिण्याआधी विचारतो, "दिवसातून किती वेळा धुतोस रे? आणि नाही धुतले तर काय होईल असं वाटतं?" पुष्कळदा मूल आईकडे बघतं. मग आई बोलू लागते, आणि मी पेन खाली ठेवतो.