झीरोचा कर्ता आणि त्याचे सहाध्यायी

टोकियोच्या शाही विद्यापीठातून १९२७ साली विमानविद्या शिकून बाहेर पडलेल्या एकाच तुकडीत जिरो होरिकोशी, ताकेओ दोई आणि हिदेमासा किमुरा हे तिघे होते. गुणांत कोणी उणा नव्हता. किमुरांचा हात लागलेल्या विमानाने १९३८ मध्ये न उतरता ११,६५१ किलोमीटर उडून विश्वविक्रम केला. दोईंचे 'हिएन' जपानी भूसेनेने महायुद्धात लढविले. तरी जगाच्या ध्यानात राहिले ते होरिकोशी.

त्यांचे नौदलासाठी रचलेले 'झीरो' १९३९ मध्ये प्रथम उडाले. हलके, चपळ, लांब पल्ल्याचे. परंतु तो हलकेपणा वैमानिकाचे चिलखत वगळून साधलेला, आणि त्याची किंमत वैमानिकांनीच प्राणांनी चुकविली. इंजिन तर नाकाजिमा कंपनीचे. निम्म्याहून अधिक झीरोही तिनेच बांधली! मग कीर्ती एकट्याची कशी? माझ्या मते ती आधी शत्रूने दिली. १९४१ साली पर्ल हार्बरवर ज्याचा धाक बसला, त्याचा कर्ता कोण, ही चौकशी शत्रूच करणार. पुढे होरिकोशींनी स्वतः ग्रंथ लिहिले, आणि २०१३ मध्ये मियाझाकींच्या चित्रपटाने त्यांना नायक केले.

युद्धानंतर हेच तिघे 'वायएस-११' या प्रवासी विमानाच्या प्राथमिक आराखड्यासाठी पुन्हा एकत्र बसले होते. त्याचा कर्ता कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. १९६२ मध्ये ते उडाले, आणि २००६ पर्यंत जपानात उतारूंची ने-आण करीत होते.