'छबिलदास' : एका उसन्या सभागृहाचा नाट्येतिहास

मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात संस्थांची नावे पुष्कळ आढळतात. परंतु तिच्या एका संपूर्ण कालखंडास जे नाव चिकटले ते कोणत्याही नाट्यसंस्थेचे नसून एका शाळेचे आहे. 'छबिलदास' हे मूळचे गुजराती व्यक्तिनाम. दादर स्थानकाच्या पश्चिमेकडील एका शाळेस ते लाभले आणि १९७४ नंतर त्याच शब्दाने एका नाट्यचळवळीचा बोध होऊ लागला. व्यक्ती, वास्तू आणि अखेर वृत्ती, असा हा अर्थविस्तार आहे.

चळवळ चालविणारी संस्था म्हणजे 'आविष्कार'. (हिंदीत या शब्दाचा अर्थ 'शोध' असा होतो, मराठीने मात्र 'अभिव्यक्ती' हाच अर्थ जवळ केला.) १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'मधून बाहेर पडलेल्या विजय तेंडुलकर, अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ मध्ये ती उभी केली. गिरीश कर्नाडांच्या 'तुघलक'सारखे भव्य नाटक मराठीत आणून तिने आरंभ केला खरा. तथापि नफ्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या मंडळींना मोठ्या नाट्यगृहाचे भाडे फार काळ पेलण्यासारखे नव्हते. मुंबईत यापूर्वी भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या संस्थेच्या वास्तूने आणि त्यानंतर ताडदेवच्या वालचंद टेरेसने प्रयोगशील कलावंतांना आसरा दिला होता. तेही आश्रय उसनेच होते. सुलभाबाई छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या; त्या नात्याने शाळेचे सभागृह मिळाले.

या सभागृहाच्या उणिवांचा परिणाम मुळीच क्षुल्लक नाही. नट आणि प्रेक्षक यांमधील अंतर अवघ्या काही हातांचे. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्यासाठी कमावलेली घनगंभीर वाणी येथे अनावश्यकच नव्हे, तर कानास खोटी वाटू लागली. कुजबूज, अर्धवट वाक्य, निःशब्द विराम यांना नाट्यभाषेत स्थान मिळाले. त्याचे श्रेय केवळ नाटककारांना देण्याची समीक्षेची प्रथा एकांगी आहे. काही वाटा त्या खोलीचाही होता. अच्युत वझे यांचे 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' हे तेथील प्रारंभीच्या प्रयोगांपैकी एक. लोककथेतील म्हातारीच्या तोंडचे बोल नव्या नाटकाचे शीर्षक व्हावेत, हेही त्या वातावरणाशी सुसंगतच होते. 'आविष्कार'ने ही जागा स्वतःपुरती राखली नाही. सत्यदेव दुबे यांच्यासारख्या दिग्दर्शकांचे व इतर संस्थांचे प्रयोगही तेथे होत; म्हणूनच नाव संस्थेचे न होता जागेचे झाले असावे.

मात्र जागेवर हक्क कोणताच नव्हता. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये निवर्तले; त्यानंतर काही वर्षांनी, १९९०च्या दशकाच्या प्रारंभी, सभागृहही सुटले. 'आविष्कार'ने माहीम येथील महापालिकेच्या शाळेत बस्तान हलविले आणि काकडे यांनी २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत संस्थेची धुरा वाहिली. माहीमच्या नावाने मात्र कोणतीही चळवळ ओळखली गेल्याचे आढळत नाही.