घरातील बुरशी आणि लहान मुले

बुरशी म्हणजे ओल धरलेल्या भिंती, लाकूड, चामडे, गाद्या व कागद यांवर वाढणारे सूक्ष्म कवक. घरांत क्लॅडोस्पोरियम, पेनिसिलियम आणि ॲस्परजिलस या प्रजाती नेहमी आढळतात. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे घर बीजाणूमुक्त करणे कोणालाच शक्य नाही. ते रुजतात मात्र ओल मिळाली तरच. म्हणून लहान मूल असलेल्या घरात पहिला उपाय ओल काढण्याचा. जंतुनाशकाची बाटली त्यानंतर, आणि ती बहुतेकदा लागतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दमट घरांचा खोकला, घरघर व दम्याशी संबंध मान्य केला. पण बुरशीची ‘सुरक्षित’ मात्रा ठरवता येत नाही, ओलच टाळा, असे सांगितले. ‘काळी बुरशी म्हणजे विष’ ही भीती मुख्यतः अमेरिकेतील क्लीव्हलँडची. १९९०च्या दशकात तिथल्या तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतील रक्तस्रावाचे खापर स्टॅकिबॉट्रिस या बुरशीवर फुटले. २०००मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा हा संबंध सिद्ध होत नसल्याचे आढळले. त्याच परिसरात दमा असलेल्या ६२ मुलांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांतली गळती व ओल दुरुस्त केली, तिथल्या मुलांना तातडीने दवाखान्यात न्यावे लागण्याचे प्रसंग बरेच कमी झाले. तेव्हा बुरशीचा रंग पाहून घाबरण्यापेक्षा पाणी येते कुठून ते पाहावे.

ब्लीचने डाग जातो, मग हरकत काय? टाइलवर फारशी नाही. गिलावा सच्छिद्र असतो. ब्लीचमधले पाणी आत मुरते आणि ओलीत भरच पडते. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी देते. मोठा धोका निराळाच : ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. तो हवेहून जड, म्हणजे रांगत्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर साचणारा. त्यापेक्षा मुलाला घराबाहेर पाठवावे, एन-९५ मास्क व हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, फडके फेकून द्यावे आणि भिंत कोरडी करावी. कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू उडतात. डाग १० चौरस फुटांहून मोठा असेल तर काम जाणकारावर सोपवावे. कुबट वासाची कापसाची गादी टाकून दिलेलीच बरी.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८० टक्क्यांहून दमट, तिथे घर सुकणार कसे? हा आक्षेप रास्त आहे. नुसत्या उघड्या खिडकीने ते होत नाही. पण बुरशी सगळ्या घरात सारखी धरत नाही. ती बाहेरच्या भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे, सज्ज्याखालच्या भेगेशी, कपडे वाळत घातलेल्या खोलीत धरते. कपाट वीतभर पुढे ओढावे, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावावा, जमल्यास एसी ड्राय मोडवर ठेवावा. गच्चीची गळती मे महिन्यातच बुजवावी. ओल्या भिंतीला रंग दिला तर श्रावणापर्यंत पोपडे येतात.

भाडेकरूने गळती दुरुस्त करावी कशी, हा प्रश्न उरतो, आणि तो केवळ सफाईचा नाही. इंग्लंडमधील रोचडेल येथे डिसेंबर २०२०मध्ये दोन वर्षांचा मुलगा दगावला; घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनविकार हे कारण २०२२च्या चौकशीत निश्चित झाले. त्याच्या वडिलांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना भिंत रंगवून घ्यायला सांगण्यात आले होते. त्याच्या नावाच्या ‘आवाबच्या कायद्या’नुसार २७ ऑक्टोबर २०२५पासून तिथल्या कमी भाड्याची सामाजिक घरे देणाऱ्या संस्थांना ओलीच्या गंभीर तक्रारीची तपासणी १० कामकाजी दिवसांत करावी लागते.