चेहऱ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली, हे कसं ओळखायचं? पुण्यातल्या एका नाकाची गोष्ट

नाक सरळ करून घ्यावं का, भाजल्याचा व्रण काढता येईल का, असे प्रश्न घेऊन आरमोरी परिसरातली तरुण मुलं-मुलीही आता येतात. हातात मोबाइल असतो आणि त्यात जाहिरातीतले दोन फोटो : 'आधी' आणि 'नंतर'. "डॉक्टर, माझंही असंच होईल ना?" याचं उत्तर शोधताना सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं एक चित्र उपयोगी पडतं. ते आपल्याच महाराष्ट्रातलं आहे.

१७९२ साली संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रजी फौजेबरोबर होता. तो टिपूच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून जास्त काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीतला होता, एवढीच नोंद आहे. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून तो कपाळावर सपाट ठेवला. त्याभोवती रेघ ओढून तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग ती कातडी वळवून खाली नाकावर बसवली. टाके घातले नाहीत. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून सांधा धरून ठेवला. हा कात आपल्या जंगलातही वाढणाऱ्या खैराचा. चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या आल्या. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली पट्टी कापली.

हे सारं ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं. तेवढ्या आधारावर जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ साली ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 'भारतीय पद्धत' युरोपात रुजली ती अशी.

आता मुद्द्याचं. कावसजीचं चित्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी काढलेलं होतं. पहिल्या आठवड्यात सूज असते, पुढे व्रण लाल आणि कडक होतो, आणि मग हळूहळू मऊ पडतो. नाकाचा खरा आकार कळायला वर्षभर लागू शकतं. म्हणून पंधराव्या दिवशीच्या फोटोवर ना हुरळायचं, ना रडायचं.

दुसरं, त्या वर्णनात कपाळावरच्या व्रणाचाही उल्लेख आहे. कातडी जिथून घेतली, ती जागा कशी भरली, हाही निकालाचाच भाग. तिसरं, नाकपुड्यांची काळजी. दिसायला देखणं, पण श्वास अडतो, असं नाक म्हणजे यश नव्हे. म्हणूनच आज 'नोज' नावाची पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली वापरतात. २००४ साली आलेल्या या प्रश्नावलीत श्वासाचा त्रास रुग्णानेच मोजायचा असतो.

पण त्या चित्रात एक उणीवही आहे, आणि तीच आजच्या जाहिरातीत आहे. एक नाक दिसतं. ज्यांची बिघडली, ती दिसत नाहीत. ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा यशस्वी होते असं त्या लेखात म्हटलं होतं, पण किती जणांपैकी किती, ते सांगितलेलं नाही. आणि आपलं नवं नाक कावसजीला कसं वाटलं, हेही कुणी लिहिलं नाही.

आरमोरीहून प्लास्टिक सर्जन गाठायचा तर बहुतेकांना नागपूर जवळचं. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. कुठेही गेलात तरी एवढं विचारा : माझ्यासारख्याच रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवाल का? समोरून, बाजूने आणि एकाच प्रकारच्या उजेडात काढलेले? अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही केल्या, आणि त्यांतल्या किती जणांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं?

चांगला सर्जन या प्रश्नांवर रागावत नाही. जो रागावेल, त्याच्याकडे आगाऊ पैसे भरायची घाई करू नका.