मोदिकाचं चॉकलेट: पाट्यावर रगडलेला इतिहास

 

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की इटलीचं नाव निघतंच. रोम, व्हेनिस, पिसाचा कलता मनोरा, आणि मुलांसाठी रोज आइस्क्रीम. आज मात्र मी तुम्हाला इटलीच्या पार दक्षिण टोकाला, सिसिली बेटावरच्या एका डोंगरी गावात नेणार आहे. गावाचं नाव मोदिका. नाव ऐकून मोदक आठवला असेल, तर तो योगायोग समजा. पण गोडाशी या गावाचं नातं खरोखरच जुनं आहे. इथे प्रवासी येतात ते चॉकलेट चाखायला, आणि तेही रीतसर, जाणकार माणसाला सोबत घेऊन.

कातानियाच्या विमानतळावरून गाडीने दोनेक तासांत मोदिका येतं. दरीच्या दोन्ही उतारांवर पिवळसर दगडी घरं एकावर एक रचल्यासारखी दिसतात. वरचं मोदिका, खालचं मोदिका, आणि मधून जाणारा कोर्सो उंबेर्तो हा मुख्य रस्ता. चॉकलेटची दुकानं बरीचशी याच रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत आहेत.

चाखण्याचा कार्यक्रम साधारण असा असतो. तुमच्यासमोर चॉकलेटचे छोटे तुकडे मांडलेले असतात. आधी साधं, मग दालचिनीचं, मग व्हॅनिलाचं, मग मिरचीचं. त्यापुढे संत्र्याच्या सालीचं किंवा समुद्री मिठाचंही असू शकतं. मार्गदर्शक सांगतो, आधी नुसतं बघा. आपल्या नेहमीच्या चॉकलेटसारखी चकाकी इथे नाही. रंग मातकट, अंग खरबरीत. मोडून बघा, कडेला भुगा पडतो. वास घ्या. मग जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका. कोको हळूहळू विरघळतो, पण साखर मागे राहते आणि दाताखाली कुरकुर वाजते. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं, हे नीट झालेलंच नाही! पण ते असंच व्हायला हवं.

कारण कृतीत आहे. भाजलेल्या कोकोच्या बिया वाटून झालेला गोळा साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट करतात आणि त्यात साखर व मसाला मिसळतात. एवढ्या उष्णतेला साखर विरघळत नाही, तिचे कण तसेच राहतात. वरून कोकोचं लोणी घालत नाहीत, दूधही नाही. मिश्रण पत्र्याच्या साच्यांत भरतात आणि साचे टेबलावर आपटत राहतात, म्हणजे आतली हवा निघून वडी सपाट बसते.

पूर्वी हे सगळं ज्या दगडावर व्हायचं, तो दगडही बहुतेक ठिकाणी मांडून ठेवलेला दिसतो. काळ्या ज्वालामुखी खडकाचा, मधे किंचित खोलगट, खाली आधार असलेला. वर दोन्ही हातांनी पुढे-मागे रगडायचा दगडी दांडा. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही तो बघताच ओळखीचा वाटेल. आपला पाटा-वरवंटाच तो! फरक एवढाच की आपला पाटा सपाट आणि टाकी लावलेला असतो.

आता इतिहासाकडे येऊ. अशा कार्यक्रमांत बहुधा एक गोष्ट सांगितली जाते. मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक याच दगडावर कोको वाटायचे. स्पॅनिश लोकांनी ती विद्या उचलून आपल्या ताब्यातल्या सिसिलीत आणली. आणि मोदिकाने ती पाचशे वर्षं जशीच्या तशी जपली. ऐकायला छान वाटतं. पण ही गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि मला विचाराल तर उरलेली अर्धी जास्त रंगतदार आहे.

खरा भाग असा. कोको मूळचा अमेरिका खंडातला. माया आणि ॲझ्टेक लोक भाजलेल्या बिया दगडी पाट्यावर वाटून त्याचं पेय करत, त्यात मिरची आणि व्हॅनिला घालत. मेक्सिकोत त्या पाट्याला मेटाटे म्हणतात. कोकोच्या बिया तिथे चलन म्हणूनही चालत. सोळाव्या शतकात स्पेनने तो मुलूख जिंकला आणि कोको युरोपात आला. सिसिली तेव्हा स्पेनच्या राजाच्या अमलाखाली होती, ती १७१३ पर्यंत. मोदिका हे तर बेटावरच्या एका मोठ्या जहागिरीचं मुख्य ठाणं, आणि तिथले जहागीरदार लग्नसंबंधांतून स्पेनमधल्या बड्या सरदार घराण्याशी जोडलेले. त्यामुळे स्पेनमधली नवी चैन इथे पोहोचली यात नवल नाही.

पण “जशीच्या तशी” हे काही खरं नाही. साधा प्रश्न विचारा: दाताखाली कुरकुरते ती साखर कुठून आली? ॲझ्टेकांना ऊस माहीतच नव्हता. ऊस पूर्वेकडून पश्चिमेला गेला. आपल्याकडचा ‘शर्करा’ हा शब्द फारसी-अरबीतून प्रवास करत इटालियनमध्ये ‘झुक्केरो’ झाला. सिसिलीत ऊस आणला तो अरबांनी, हजारएक वर्षांपूर्वी. दालचिनी श्रीलंकेची आणि आपल्या मलबार किनाऱ्याची. म्हणजे मोदिकाच्या त्या एका वडीत कोको मेक्सिकोकडचा, शब्दासकट साखर आपल्याकडची, दालचिनी हिंदी महासागरातली. ॲझ्टेक माणसाला ही वडी दिली असती, तर त्याने ती ओळखली असती का, शंकाच आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दगडावर रगडलेलं कणीदार चॉकलेट ही एकट्या मोदिकाची रीत नव्हतीच. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपभर चॉकलेट असंच होत असे. त्याच्या वड्या पाडायच्या आणि गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून प्यायच्या. स्पेनमध्ये, फ्रान्समध्ये, सगळीकडे हाच प्रकार. मेक्सिकोच्या ओआहाका भागात तर कणीदार चॉकलेट आजही घरोघरी वापरात आहे.

मग यंत्रं आली. १८२८ मध्ये हॉलंडच्या फान हाउटेनने कोकोतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने तेच लोणी साखर-कोकोत परत मिसळून साच्यात ओतता येईल असं खायचं चॉकलेट केलं. १८७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॅनिएल पीटरने त्यात दूध आणलं. आणि १८७९ मध्ये रोडोल्फ लिंटने असं यंत्र काढलं, की ज्यात चॉकलेट तासन्‌तास घोटत राहायचं. कण संपले. तोंडात लोण्यासारखं विरघळणारं, चकाकणारं चॉकलेट आलं, आणि जगाने त्यालाच चॉकलेट म्हणायला सुरुवात केली.

थोडक्यात, मोदिकाने काही गुप्त विद्या सांभाळली नव्हती. बाकीच्यांनी सोडून दिलेली रीत तिथे चालू राहिली, एवढंच.

का राहिली? या गावाच्या वाट्याला काय काय आलं ते बघा. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने सिसिलीचा हा सगळा कोपरा जमीनदोस्त केला. आज आपण फोटो काढतो ती सान जॉर्जोसारखी देखणी चर्चं त्यानंतर उभी राहिली. त्या पुनर्बांधणीसाठीच मोदिकासह इथली आठ गावं २००२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पुढे २६ सप्टेंबर १९०२ ला महापूर आला, शंभरावर माणसं गेली. गावातून वाहणारी नदी त्यानंतर बंदिस्त करून वरून रस्ता केला. तोच हा कोर्सो उंबेर्तो. म्हणजे चॉकलेट खात आपण ज्या रस्त्यावरून फिरतो, त्याच्या पोटात नदी आहे. त्याच सुमाराच्या दशकांत सिसिलीतून लाखो माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लोंढे निघाले, उत्तर इटलीकडे, जर्मनीकडे, बेल्जियमकडे. नोबेल पारितोषिक मिळालेला कवी साल्वातोरे क्वाझिमोदो १९०१ मध्ये याच गावात जन्मला, आणि त्याचंही आयुष्य गेलं ते मुख्यतः उत्तरेकडे, मिलानमध्ये.

अशा गावात चॉकलेटचा मोठा कारखाना उभा राहिला नाही. चॉकलेट राहिलं ते घरांत आणि मिठाईच्या छोट्या दुकानांत. बोनायुतो हे त्यातलं सगळ्यांत जुनं दुकान १८८० सालचं, ते आजही चालू आहे.

या दुकानांत आणखी दोन पदार्थ मिळतात. दिसायला दोन्ही थेट आपल्या करंजीसारखे. एकाचं नाव म्पानातिग्गी. आत बदाम, साखर, चॉकलेट, दालचिनी, लवंग, आणि बारीक वाटलेलं गोमांस! हे नाव स्पॅनिश ‘एम्पानादा’वरून आलेलं. गोमांस न खाणाऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी इथे लक्ष ठेवा, कारण चवीवरून आणि दिसण्यावरून आत मांस आहे हे कळत नाही. दुसरा पदार्थ लिक्कुमिये. त्यात चॉकलेटबरोबर चक्क वांगं असतं. चॉकलेटची वडी मात्र बिनदुधाची असते, तरीही ॲलर्जी असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

विसाव्या शतकाच्या शेवटी चित्र बदललं. तोवर हे चॉकलेट बाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना दिसे त्यांना ते ओबडधोबड वाटे. १९९० च्या दशकात बोनायुतो दुकान चालवणारे फ्रांको रूता यांनी ठरवलं, की खरबरीतपणा लपवायचा नाही, तोच अभिमानाने पुढे ठेवायचा. गावातले इतर कारागीरही या कामाला लागले. नाव झालं, तसा दुसरा प्रश्न उभा राहिला: हे नाव कोणीही वापरायचं का? २००३ मध्ये उत्पादकांनी संघ स्थापन केला. बऱ्याच खटपटीनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपीय संघाने ‘मोदिकाचं चॉकलेट’ या नावाला भौगोलिक ओळखीचं संरक्षण दिलं. असं संरक्षण मिळालेलं हे पहिलं चॉकलेट. नियम असा की ते मोदिका नगरपालिकेच्या हद्दीतच झालं पाहिजे आणि त्यात कोको निदान निम्मा हवा.

इथे एक गोष्ट मला बोचते, तीही सांगते. नाव सुरक्षित झालं ते मोदिकाचं. कोको तर मोदिकात पिकतच नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आज पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, आणि तो पिकवणारे बहुसंख्य शेतकरी गरीब आहेत. त्यामुळे चाखायला बसाल तेव्हा मार्गदर्शकाला जरूर विचारा: कोको कुठला? कोणाकडून घेता? चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो खुलून बोलतो.

आता कोणी म्हणेल, ॲझ्टेकांची गोष्ट पुरती खरी नाही, साखर बाहेरची, कोको बाहेरचा, मग यात मोदिकाचं काय राहिलं? याचं उत्तर आपल्याच ताटात आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिकेतला. शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, सगळं अमेरिकेतलं. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारातून यातल्या कितीतरी गोष्टी आपल्या किनाऱ्याला लागल्या. म्हणून खिचडी आपली नाही असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? आपल्या आज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली, उपासाला चालवून घेतली, तिच्या मऊपणावरून सुनांशी वाद घातले, म्हणून ती आपली झाली. मोदिकाचं चॉकलेटही तसंच मोदिकाचं.

परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना “हे अस्सल आहे का?” हा प्रश्न शाळेत, मित्रांत कधी ना कधी पडतो. त्यांना पाचशे वर्षं काहीच न बदलल्याच्या गोष्टी सांगायची गरज नाही. कोणी, कुठून, काय आणलं आणि ते कोणी करत राहिलं, हे खरंखुरं सांगितलं तरी पुरे. मुलांना ते जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे.

सिसिलीला जाणं सगळ्यांना जमेलच असं नाही. म्हणून या शनिवार-रविवारी घरीच करून बघा. एक साधं गडद चॉकलेट आणा, आणि मिळालं तर एक दगडी पद्धतीचं, मोदिकाचं किंवा मेक्सिकोचं. मधे पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा ठेवा. डोळे मिटून आधी वास, मग जिभेवर, आणि चावायचं सगळ्यांत शेवटी. साखरेचा कण दाताखाली आला की मुलांना विचारा, ही साखर कुठून कुठे गेली असेल? नकाशा काढून बोट फिरवू द्या.

आणि कोणाच्या घरी अजून पाटा-वरवंटा असेल, तर त्यावर काय वाटता ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमची उत्तरं वाचून दाखवू.

तोपर्यंत नमस्कार, आणि तोंड गोड असू द्या!