संथ चालीचा मारिओ

एप्रिल २०२३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत पहिल्यांदाच एका व्हिडिओ गेमच्या संगीताला जागा दिली. जॉन लेननचं ‘इमॅजिन’ आणि मॅडोनाचा ‘लाईक अ व्हर्जिन’ हा अल्बम ज्या यादीत होते, त्याच यादीत कोजी कोंदो यांची १९८५ सालची ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून जाऊन बसली. बातमी वाचून बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, यांनी जपून ठेवली ती नेमकी कुठली धून? कारण नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत जो मारिओ वाजला, तो हा नव्हे. आपला मारिओ संथ होता, आणि त्याचा आवाजही जरा वेगळा होता. ही आठवणींची गंमत नाही. याची कारणं चिपमध्ये आणि टीव्हीच्या तारेत सापडतात. ती शोधत गेलं की ‘मूळ गाणं’ म्हणजे काय, या प्रश्नापाशी येऊन आपण थबकतो.

पाच जणांचा ताफा

निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र बाजारात आणलं. त्यात रिको कंपनीची चिप होती आणि तिला पाच आवाज एका वेळी काढता येत. दोन चौकोनी लहरी, ज्यांवर बहुतेक वेळा मुख्य चाल आणि तिची जोड वाजे. एक त्रिकोणी लहर, तिच्यावर खर्ज. एक नुसती खरखर, जिच्यातून ढोल-झांजा काढायच्या. आणि पाचवा आवाज ध्वनिमुद्रणाचे छोटे, ओबडधोबड तुकडे वाजवणारा. त्रिकोणी लहरीला लहानमोठा आवाज करण्याची सोयच नव्हती. ती एकतर वाजे, नाहीतर गप्प बसे. शिवाय मारिओने उडी मारली की त्या उडीच्या आवाजासाठी या पाचांतलाच एक जण गाणं सोडून धावत असे.

संपूर्ण ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये मावला होता. तुमच्या फोनने काढलेला एक साधा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. एवढ्या जागेत गाण्याचं ध्वनिमुद्रण बसणं शक्यच नव्हतं. कॅसेटमध्ये होत्या त्या फक्त सूचना: हा सूर, एवढा वेळ, या लहरीवर. म्हणजे एक प्रकारचं नोटेशनच. प्रत्येक वेळी यंत्र सुरू झालं की चिप ते नोटेशन वाचून गाणं नव्याने वाजवायची.

पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे. भातखंडे पद्धतीने लिहिलेली एखादी बंदिश दोन गायकांच्या हाती दिली, तर दोन गाणी ऐकू येतात. गेमच्या संगीतात गायकाच्या जागी यंत्र आहे. यंत्र बदललं की गाणं बदलतं.

समुद्र ओलांडताना

फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना होत्या. त्यांतल्या दोन आवाजासाठी राखलेल्या. यंत्रातला आवाज एका पिनेतून कॅसेटमध्ये जाई आणि दुसरीतून परत येई. त्यामुळे कॅसेट बनवणाऱ्याला वाटेत आपली स्वतःची वाद्यं मिसळता येत. १९८५मध्ये हेच यंत्र ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत गेलं, तेव्हा त्याचं रूप बदललं. कॅसेट मोठी झाली, पिना ७२ झाल्या, पण आवाजाची ही वाट कॅसेटच्या खाचेतून काढून यंत्राच्या तळाशी असलेल्या एका बंद जोडणीकडे नेली गेली. ती जोडणी कधी कामाला आलीच नाही.

याचा पहिला फटका ‘द लिजंड ऑफ झेल्डा’ला बसला. १९८६मध्ये जपानात हा गेम फॅमिकॉमच्या डिस्क ड्राइव्हवर आला होता, आणि त्या ड्राइव्हमध्ये एक सहावा आवाज होता. १९८७च्या अमेरिकन कॅसेटमध्ये त्या सहाव्याला जागा नव्हती. झेल्डाच्या बाबतीत आणखी एक मजा झाली. जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला मायक्रोफोन होता. ‘पोल्स व्हॉइस’ नावाच्या लांब कानांच्या राक्षसांना मारायचं तर त्यात जोरात ओरडायचं. अमेरिकन कंट्रोलरला मायक्रोफोनच नव्हता, तरी सोबतच्या पुस्तिकेत ‘याला मोठा आवाज आवडत नाही’ ही सूचना तशीच राहिली. तिकडची पोरं गेममधली बासरी वाजवून वाजवून दमली. राक्षस मरायचा तो बाणाने.

मोठं नुकसान झालं ते १९८९ सालच्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’चं. कोनामीने या गेमच्या कॅसेटमध्ये ‘व्हीआरसी ६’ ही स्वतःची चिप बसवली होती. तिच्यामुळे आणखी दोन चौकोनी लहरी आणि करवतीच्या दात्यांसारखी एक लहर मिळाली. पाच जणांचा ताफा आठ जणांचा झाला. त्या करवती लहरीत तंतुवाद्यांच्या मेळाचा भरीवपणा आहे. पुढच्या वर्षी हा गेम ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून अमेरिकेत गेला तेव्हा सगळं संगीत पुन्हा पाच आवाजांत बसवावं लागलं. दोन्ही ऐकून पाहा, इंटरनेटवर सहज मिळतात. जपानी आवृत्ती भव्य आहे. अमेरिकन आवृत्तीत हाडं तेवढी उरली आहेत, पण ती हाडं अशी घट्ट बांधली आहेत की अमेरिकेत वाढलेल्या अनेकांना तीच जास्त आवडते. त्यांच्या लेखी तेच मूळ गाणं.

एकाच गेमची दोन यंत्रांवर दोन पूर्ण वेगळी गाणीही असू शकतात. १९८९मध्ये निन्टेन्डोने ‘टेट्रिस’ गेम बॉयवर आणला तो ‘कोरोबेइनिकी’ या जुन्या रशियन गाण्यासह. त्याच वर्षी एनईएसवर तोच टेट्रिस आला तो चायकोव्हस्कीच्या बॅलेतली धून घेऊन. आणि आपल्याकडे जत्रेत मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’मध्ये दोन्ही नव्हती. नुसती टुंटुं होती.

पट्टी तीच, लय विलंबित

आता आपल्याकडे येऊ. निन्टेन्डोचं अधिकृत यंत्र भारतात फार थोड्या लोकांनी पाहिलं. आपल्यापर्यंत आल्या त्या नकला. फॅमिकॉमच्या चिपची नक्कल करणाऱ्या चिप तैवानमध्ये बनू लागल्या आणि त्या घातलेली यंत्रं नाना नावांनी जगभर पसरली. सांगलीला माझ्या मामाकडे त्यांतलंच एक होतं. आम्ही त्याला ‘टीव्ही गेम’ म्हणायचो. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये खरे गेम जेमतेम वीस असायचे, बाकी सगळे तेच पुन्हा. कॅसेट चालली नाही की पिनांवर फुंकर मारायची. आजी दर अर्ध्या तासाने बजावायची, ‘टीव्हीची ट्यूब जाईल हं.’

या यंत्रांमध्ये दोन गोष्टी घडत. पहिली लयीची. फॅमिकॉमवरचे गेम संगीताचं एकेक पाऊल टीव्हीवरच्या चित्राच्या ठोक्याबरोबर टाकत. जपान-अमेरिकेत तो ठोका सेकंदाला ६० होता. आपल्याकडे १९८२मध्ये रंगीत टीव्ही आला तो ‘पाल’ पद्धतीचा, सेकंदाला ५० ठोक्यांचा. जपानसाठी लिहिलेलं गाणं पाल टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रात घातलं, की दर सहा पावलांच्या वेळात पाचच पडत. युरोपातल्या अधिकृत एनईएसमध्ये चिपचं घड्याळच मंद होतं, त्यामुळे तिथे सुधारणा न केलेल्या गाण्यांची लय आणि पट्टी दोन्ही उतरत. पालसाठीच्या नकली चिपमध्ये मात्र घड्याळ जपानी यंत्राच्या अगदी जवळचं ठेवलं होतं. म्हणून सूर जवळजवळ तेच राहिले आणि लय तेवढी विलंबित झाली.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पोताची. चौकोनी लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली राहते, यावर तिचा आवाज ठरतो. निम्मा-निम्मा वेळ असेल तर आवाज पोकळ, गोल येतो. वरचा भाग २५ टक्के केला तर तो धारदार होतो. यातला कुठला प्रकार हवा, हे गेम दोन बिटांनी सांगतो. अनेक नकली चिपमध्ये या दोन बिटांच्या जागा उलट्या झाल्या. ०० आणि ११ उलटे केले तरी तसेच राहतात, पण ०१चं १० होतं आणि १०चं ०१. परिणामी जिथे गोल आवाज हवा तिथे धारदार वाजे, आणि धारदारच्या जागी गोल.

पुढे नोकरीला लागल्यावर मी मामाच्या माळ्यावरचं ते यंत्र खाली काढलं. ते सुरू झालं याचंच नवल वाटलं. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला फोनवर जपानी यंत्राचं ध्वनिमुद्रण लावलं आणि स्टॉपवॉच घेऊन बसलो. जपानी गाणं ५० सेकंदांत जिथे पोचत होतं, तिथे आमचं साधारण मिनिटभराने येत होतं. मामेबहीण शेजारी होती. फोनवरचा मारिओ ऐकून ती म्हणाली, ‘याला कुठली एसटी पकडायचीये?’

रिमिक्सवाल्यांचं मूळ

या चिमुकल्या गाण्यांना मोठं करायची हौस फार जुनी आहे. हारुओमी होसोनो यांनी १९८४मध्येच नाम्कोच्या गेममधल्या संगीताचा अल्बम काढला. कोइची सुगियामा यांनी १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चं संगीत पुढच्याच वर्षी टोकियोत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. त्याच गेमच्या संगीताने २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाची सुरुवात झाली. १९९९पासून ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’वर जगभरचे हौशी लोक जुन्या गेमची गाणी नव्याने बांधून फुकट देत आले आहेत. जॅझ, मेटल, पियानो, काय हवं ते. काहींनी एनईएसच्या तळाशी एक लहानसा रेझिस्टर जोडून तो हरवलेला आवाजाचा रस्ताही उघडला, म्हणजे आता अमेरिकन यंत्रावरही आठ जणांचा ताफा वाजतो.

हे सगळं मला मनापासून आवडतं. पण रिमिक्स करणारा कुठल्या तरी मूळ आवृत्तीवर बोट ठेवून सुरुवात करतो, आणि ते बोट बहुतेक वेळा जपान किंवा अमेरिकेवर असतं. जुनी यंत्रं संगणकावर हुबेहूब उभी करणाऱ्या एम्युलेटरचंही तेच. रिकोच्या चिपचा प्रत्येक बारकावा, अगदी तिच्या खोडींसकट, त्यात जपलेला असतो. उलट्या बिटांची नकली चिप मात्र जास्तीत जास्त सेटिंगच्या कोपऱ्यात एक पर्याय म्हणून दिसते. तांत्रिकदृष्ट्या ती चूक होती, हे खरंच आहे. पण भारतातच नव्हे, तर रशियापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत ज्या मुलांनी व्हिडिओ गेम पहिल्यांदा नकली यंत्रावर ऐकला, त्यांच्या कानांचा इतिहास त्या चुकीत आहे. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत बँडवाले सिनेमाचं गाणं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर वाजवतात. ते लताबाईंसारखं वाजत नाही म्हणून कुणी ते आठवणीतून पुसून टाकत नाही.

नोटेशन एकच होतं. क्योटोत लिहिलं गेलं, तैवानच्या चिपने वाचलं आणि सांगलीच्या पाल टीव्हीवर वाजलं. माझ्या लेखी ही त्या गाण्याची एक रीतसर आवृत्ती आहे. फरक इतकाच, की अधिकृत आवृत्तीच्या मागे एक कंपनी आणि एक राष्ट्रीय ग्रंथालय उभं आहे. आपल्या आवृत्तीमागे घरातले माळे आणि भंगारवाले आहेत. या यंत्रांचं प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, कपॅसिटर सुकत चाललेत, आणि दोन यंत्रांच्या आत एकच चिप असेल याची खात्री नाही.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत असं एखादं यंत्र हाती लागलं, तर देऊन टाकण्याआधी तासभर त्याच्यासाठी काढा. आवाजाची तार टीव्हीऐवजी रेकॉर्डरला जोडा. मारिओ, कॉन्ट्रा, जे चालेल त्याची गाणी पूर्ण फेरा होईपर्यंत मुद्रित करा. झाकण उघडून आतल्या हिरव्या पाटीचा फोटो काढा, चिपवरचे आकडे वाचता येतील असा. यंत्र कुठल्या गावात आणि साधारण कुठल्या वर्षी घेतलं, हे फाइलच्या नावात लिहा. मग ते कुणाला द्यायचं ते द्या.